वाफ दिल्यावर घरी की वॉर्डात?

या महिन्यात दम्याची पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली. नवल नाही. थंडी पडली, फडात पाचट पेटलं, गुऱ्हाळं सुरू झाली की कोल्हापूरच्या आसपास निम्म्या घरांत कुणीतरी रात्री उशी उभी करून बसलेलं असतं. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण ते पत्र तसं आहे.

प्रश्न: माझे मिस्टर ३८ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. दिवाळीनंतर एका रात्री दम लागला म्हणून खाजगी दवाखान्यात नेलं. तीनदा वाफ दिली, तासाभरात उठून बसले, चहा मागितला. तरी डॉक्टरांनी सोडलं नाही, दोन रात्री ठेवून घेतलं. पंधरा दिवसांनी सासूबाईंना (वय ६२) तिथंच नेलं. त्यांची अवस्था बघवत नव्हती, पण त्यांना चार तासांत घरी पाठवलं. घरात सगळे म्हणतात, मिस्टरांचा कंपनीचा विमा आहे म्हणून ठेवलं, सासूबाईंचा नाही म्हणून घालवलं. दोघांच्या कार्डांची झेरॉक्स जोडते. खरं काय समजायचं?

उत्तर: ताई, झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मीही तुमच्या घरच्यांसारखीच अंदाजावर बोलले असते.

दोन्ही कार्डांवर ‘पीईएफ’ असं लिहून पुढे आकडे आहेत, ते बघा. प्लास्टिकच्या नळकांड्यात जोर लावून फुंकायला सांगतात ना, त्याचा तो आकडा, म्हणजेच पीक फ्लो. छातीतली हवा एका मिनिटाला किती लिटरच्या वेगानं बाहेर पडू शकते, ते तो सांगतो. राइट नावाच्या ब्रिटिश संशोधकानं हे यंत्र १९५९ मध्ये लोकांपुढं आणलं तेव्हा ते चांगलं जड डब्यासारखं होतं. आता काही शे रुपयांत मिळतं आणि शर्टाच्या खिशात मावतं.

मिस्टरांचा चांगल्या दिवसांतला आकडा कार्डाच्या कोपऱ्यात ४८० असा लिहिलाय. त्या रात्री आले तेव्हा १६०, म्हणजे स्वतःच्या उत्तम आकड्याचे ३३ टक्के. औषधाच्या तीन वाफा, तोंडातून स्टिरॉइड आणि सलाईनमधून मॅग्नेशियम एवढं झाल्यावर तासानं २१०. म्हणजे ४४ टक्के. सासूबाईंचा उत्तम आकडा ३००. आल्या तेव्हा ११०, तासानं २२०. म्हणजे ३७ वरून ७३ टक्के.

येतानाचे आकडे जवळजवळ सारखेच, नाही का? फरक पडला तो तासाभरानंतर. दम्याच्या झटक्यात माणूस दारात कसा आला यापेक्षा पहिल्या तासात औषधाला छाती काय उत्तर देते, यावरून पुढचं जास्त कळतं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ढोबळ हिशेब असा आहे: औषध देण्याआधीच आकडा २५ टक्क्यांच्या खाली, किंवा औषधानंतरही ४० च्या खाली, तर भरती. औषधानंतर ६० च्या वर गेला तर बाकीचं बघून घरी. मधल्या ४० ते ६० च्या पट्ट्यात डॉक्टरनं डोकं वापरायचं. ब्रिटिश मंडळी जरा कडक आहेत, ती तासानंतर ७५ टक्क्यांची अपेक्षा धरतात. सासूबाई ७३ वर होत्या. म्हणून तर त्यांना लगेच न सोडता चार तास बसवून ठेवलं. स्टिरॉइडचा गुण दिसायलाही साधारण चार तास लागतातच.

मिस्टर मधल्या पट्ट्यात अडकले. मग कार्ड उलटायचं असतं. मागच्या बाजूला तीन ओळी आहेत, त्या तुम्ही कदाचित वाचल्या नसतील, अक्षर आम्हा डॉक्टरांना शोभेल असंच आहे. ‘दोन वर्षांपूर्वी आयसीयू, श्वासनलिकेत नळी.’ ‘साल्ब्युटामॉल महिन्याला दोन पंप.’ ‘स्टिरॉइडचा पंप स्वतःहून बंद.’ यातली पहिली ओळ एकटी पुरे होती. दम्यानं एकदा व्हेंटिलेटरपर्यंत नेलेला माणूस पुन्हा तिथं जाण्याची भीती इतरांपेक्षा खूप जास्त असते. साल्ब्युटामॉल म्हणजे दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप. एका पंपात २०० फवारे धरले तर महिन्याला दोन म्हणजे दिवसाला तेरा. महिन्याला एकापेक्षा जास्त पंप संपायला लागला की मी पेशंटकडे नाही, त्याच्या घरच्यांकडे बघून बोलायला लागते.

राहिला चहा. त्यांनी चहा मागितला म्हणजे ते बरे झाले, असं तुम्हाला वाटलं. साहजिक आहे. पण वर्षानुवर्षं दमा अंगावर काढणाऱ्या काहींना आपली श्वासनळी किती आवळलीय याची जाणीवच बोथट होते. अर्ध्या छातीवर जगायची सवय होते त्यांना. ऑक्सिमीटरही फसवतो. मिस्टरांचा ९५ होता, सासूबाईंचा ९३. कोविडपासून सगळ्यांनी त्या चिमट्याला देव केलंय, पण दम्यात ऑक्सिजन बराच उशिरा खाली येतो. तो ९२ च्या खाली गेला तर धोका नक्की, पण वर आहे म्हणून धोका नाही, असं नव्हे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही, एकदा चुकले होते. एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते, लग्नाआधीची गोष्ट. जानेवारीतली रात्र. करवीर भागातल्या गुऱ्हाळावरचा जळव्या, म्हणजे चुलवाणात जाळ घालणारा, आला, चाळिशीचा, अंगाला चिपाडाचा धूर आणि काकवीचा वास. दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती. वाफ दिली. पाऊण तासात म्हणाला, “बाई, सोडा मला. पोरगं एकटं चुलवाणापाशी हाय.” मी छातीला स्टेथोस्कोप लावला. शिट्ट्या कमी झालेल्या. मला बरं वाटलं, त्यालाही. स्टिरॉइड दिलं नाही. फुंकायचं यंत्र ओपीडीच्या कपाटात, कपाटाची किल्ली सिस्टरच्या घरी. बारा वाजता सोडला.

चार वाजता टेम्पोत घालून आणला. ओठ निळे, घामानं भिजलेला, माझ्याकडे बघत होता पण ओळखत नव्हता. छाती पूर्ण शांत. तेव्हा कळलं की शिट्ट्या कमी झाल्या होत्या त्या नळ्या उघडल्या म्हणून नव्हे, वाजायला पुरेशी हवाच आत-बाहेर होत नव्हती म्हणून. वाचला तो. सहा दिवस वॉर्डात होता, जाताना गुळाची ढेप ठेवून गेला, ती मी आईकडे पाठवून दिली. मला खाववली नसती.

तर विम्याबद्दल. त्या दवाखान्याच्या बिलावर मी काही बोलणार नाही, ते माझ्यापुढं नाही. पण विमा नसता तरी त्या रात्री मी तुमच्या मिस्टरांना घरी सोडलं नसतं. सासूबाईंना सोडणंही बरोबर होतं. फक्त त्यांना पाच ते सात दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्यात, त्या दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद केल्या नाहीत ना, ते विचारा. झटक्यातून घरी गेलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या दोन आठवड्यांतच परत येतात, आणि त्यामागं अशा अर्धवट टाकलेल्या गोळ्या मी पुष्कळदा बघितल्यात.

एक प्रश्न मात्र मला मिस्टरांना विचारायचाय. आठवड्याच्या सुट्टीला आणि गावाच्या जत्रेला सलग सुट्टी असते तेव्हा दम कमी असतो का? फौंड्रीतली रेतीची धूळ आणि मोल्डिंगच्या रेझिनचा वास, दोन्ही दम्याला वाईट. उत्तर ‘हो’ असेल तर छातीच्या डॉक्टरला ते पहिल्या वाक्यात सांगा, शेवटच्या नव्हे.

प्रश्न: मॅडम, मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॅज्युअल्टीत पोस्टिंग चालू आहे. सीनियरच्या जुन्या नोट्समध्ये दम्यासाठी सात मुद्द्यांचा स्कोअर सापडला. चार किंवा जास्त आले तर पेशंट अ‍ॅडमिट होणार असं लिहिलंय. वॉर्डात कुणी तो वापरताना दिसत नाही. तो चुकीचा आहे का? आणि हल्ली कॉम्प्युटर हे सांगू शकत नाही का?

उत्तर: सीनियरच्या नोट्स जपून ठेव, चांगली मुलगी होती ती. हा फिशल यांचा स्कोअर. मायामीतल्या मार्गारेट फिशल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. याच बाई पुढं एड्सवरच्या एझेडटी औषधाच्या चाचणीमुळं गाजल्या. तुझ्या नोट्समधले सात मुद्दे असे असणार: नाडी १२० किंवा वर, श्वास मिनिटाला ३० किंवा वर, श्वास आत घेताना वरचा रक्तदाब १८ किंवा जास्त अंकांनी घसरणं, पीक फ्लो १२० किंवा खाली, दम मध्यम ते तीव्र, मानेचे स्नायू ओढले जाणं आणि शिट्ट्याही तशाच मध्यम ते तीव्र. प्रत्येकाला एक गुण. चार झाले की भरती लागेल किंवा घरी जाऊन पेशंट परत येईल, हे ९५ टक्क्यांच्या आसपास बरोबर सांगता येतं, असा त्यांचा दावा होता.

सगळ्यांना आनंद झाला. मग १९८४ मध्ये त्याच जर्नलच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांनी आपापल्या पेशंटांवर तो लावून बघितला. जमेना. दुसऱ्याच्या अंगणात तो स्कोअर नाचलाच नाही.

का, यावर माझं मत सांगते. सातही मुद्दे पेशंट आला त्या क्षणाचे आहेत. वरच्या पत्रातली मायलेकाची कार्डं वाच, त्या क्षणात दोघांत फारसं अंतर नव्हतं. दुसरं, पीक फ्लोचा १२० हा आकडा सगळ्यांना सारखाच. सहा फुटी पैलवानाला १२० म्हणजे जीव जायची वेळ, चार फूट आठ इंचाच्या म्हातारीला तोच आकडा तिच्या उत्तमाच्या निम्मा असू शकतो. म्हणून आता टक्केवारी बघतात. तिसरं, ‘शिट्ट्या तीव्र’ यालाही गुण आहे. ज्याची छाती गप्प झालीय त्याला तिथं शून्य मिळणार! माझ्या जळव्याचा एक गुण तिथंच गेला असता.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती कॉम्प्युटरलाही चुकलेली नाही. ‘भरती’ हा काही छातीतला बदल नव्हे, तो डॉक्टरनं घेतलेला निर्णय असतो. नळ्या किती आवळल्या, हे पेशंटच्या आत घडतं. वॉर्डात खाट आहे का, रात्रीचे दोन वाजलेत का, घरी बघायला कुणी आहे का, डॉक्टर नवा आहे का, हे सगळं बाहेर घडतं, आणि हे सगळं मिळून ‘अ‍ॅडमिट’ असा शिक्का पडतो. त्या शिक्क्याचं भाकीत करायला बसलं की निम्मं भाकीत पेशंटचं होतं, निम्मं डॉक्टरचं. दुसरा दवाखाना, दुसरे डॉक्टर, की गणित ढासळलं. आता हजारो केसपेपर घालून कॉम्प्युटरला शिकवतात आणि दारातल्या नोंदींवरून तो बऱ्यापैकी अंदाज बांधतो. खाटा आणि ड्युट्या लावायला उपयोग होईल त्याचा. पण तो शिकलाय ते आमचेच निर्णय, आमच्या चुकांसकट.

तू स्कोअर पाठ करू नकोस. पेशंट आला की पीक फ्लो, नाडी, श्वास, ऑक्सिजन लिही आणि बरोबर एक तासानं तेच चारही पुन्हा लिही. वेळ टाकून. हे दुसरं लिहिणं कॅज्युअल्टीच्या गर्दीत सगळ्यात आधी राहतं. पेशंट एक वाक्य एका दमात बोलतो का, तेही लिही, त्याला यंत्र लागत नाही. आणि पहिल्या तासात स्टिरॉइड गेलंय ना, हे डॉक्टरना न घाबरता विचार. ते लवकर गेलं तर भरती व्हायचं प्रमाण खरोखर कमी होतं. तीव्र दम्यात वाफेत साल्ब्युटामॉलबरोबर इप्राट्रोपियम घातल्यानं आणि वाफेला दाद न देणाऱ्यांना वीस मिनिटांत दोन ग्रॅम मॅग्नेशियम शिरेतून दिल्यानंही ते कमी होतं. आल्या आल्या थिओफायलीन जातीचं इंजेक्शन ठोकायची आपल्याकडची जुनी सवय मात्र सोडायला हवी. त्यानं उलट्या आणि छातीत धडधड जास्त, फायदा नाही.

आणखी एक. रक्ताचा वायुतपास आला आणि कार्बन डायऑक्साइड ‘नॉर्मल’ दिसला तर सुटकेचा श्वास टाकू नकोस. धापा टाकणाऱ्याचा तो कमी असायला हवा. नॉर्मलला आला म्हणजे पेशंट थकत चाललाय.

प्रश्न: पंपाची सवय लागते म्हणून आई पंप देत नाही, फक्त गोळी देते. बरोबर आहे का? (वय २२, मंगळवार पेठ)

उत्तर: नाही. आईला घेऊन ये. पंपाची सवय लागत नाही. सवय लागते ती नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढायची, आणि ती डॉक्टरांनी स्टिरॉइडचा पंप समजावून न दिल्यामुळं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६६, राहणार गगनबावडा तालुका. दहा वर्षं दमा आहे, पण ताब्यात होता. गेल्या दीड महिन्यात दोनदा रात्री दम लागला. मुलगा पुण्यात, घरी आम्ही दोघंच. कोल्हापूर ५५ किलोमीटर. उगाच धावाधाव नको आणि उशीरही नको, तर घरी बसून नेमकं कशावरून ओळखावं? चालू औषधं: रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ, रक्तदाबाची गोळी, दोन महिन्यांपासून काचबिंदूचे थेंब (टिमोलॉल) दोन्ही डोळ्यांत.

उत्तर: गुरुजी, नमस्कार. तुमचा प्रश्न बाजूला ठेवते, आधी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलते. औषधांची यादी दिलीत म्हणून सापडलं. टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर जातीचं औषध. डोळ्यात घातलेला थेंब नाकाच्या बाजूच्या नळीतून खाली उतरतो, रक्तात जातो आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतो. थेंब दोन महिन्यांचे, दम दीड महिन्याचा. हा योगायोग असेलही, पण मला तो पटत नाही. थेंब स्वतःहून थांबवून बसू नका, काचबिंदूनं दृष्टी गेली तर परत येत नाही. हा अंक हातात पडल्या दिवशीच डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करा, ‘मला दमा आहे’ एवढं सांगा. दम्यात चालणारे दुसरे थेंब आहेत, ते बदलून देतील. आणि रक्तदाबाच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. तीही त्याच जातीची निघाली तर? पाकीट घेऊन तुमच्या गावातल्या डॉक्टरांकडे जा.

आता तुमचा प्रश्न. पीक फ्लो मीटर मागवा, बरं असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंका आणि सगळ्यात चांगला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्याचा निम्मा किती, तोही शेजारी लिहून ठेवा, रात्री दोन वाजता भागाकार करवत नाही. आकडा निम्म्याखाली गेला, किंवा एका दमात एक वाक्य पुरं होईना, किंवा बसल्या जागी श्वास मिनिटाला २५ आणि नाडी ११० च्या पुढं गेली, यातलं एकही झालं की वाट बघायची नाही. तुमच्या पत्नीला घड्याळ लावून श्वास मोजायला आजच शिकवा.

निळा पंप स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावून घ्या. चार फवारे, एकेक करून, प्रत्येकाला चार-पाच श्वास. वीस मिनिटांनी पुन्हा चार, गरज पडली तर आणखी वीस मिनिटांनी पुन्हा. शहरात राहणाऱ्याला मी म्हणते, पहिल्या चार फवाऱ्यांनी कसं वाटतंय ते बघ आणि मग ठरव. तुम्हाला म्हणणार नाही. तुम्ही पहिले चार घेतानाच गाडी सांगा आणि बाकीचे गाडीत घ्या. गाडीत आडवं व्हायचं नाही, पुढं वाकून बसायचं. वाटेत बरं वाटलं तरी परत फिरायचं नाही, ते तीन-चार तास टिकेलच असं नाही. ओठ निळे, गुंगी, बोलता न येणं, किंवा घरघर होती ती अचानक बंद होऊन माणूस थकलेला दिसणं, असं काही असेल तर थेट १०८, आणि वाटेतलं जवळचं सरकारी रुग्णालय. तिथं ऑक्सिजन आणि पहिली वाफ मिळाली की मग कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयापर्यंतचा रस्ता तुम्हाला झेपेल.

आणि कोल्हापुरात पोचल्यावर डॉक्टरांना आजाराबरोबर पत्ताही सांगा. ‘गगनबावड्याचा आहे, घरी दोघंच, रात्री गाडी मिळत नाही’ असं मोकळेपणानं. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलेलं असेल तर तेही. मी तासाभरानं ५५ टक्क्यांवर आलेल्या, इथंच शहरात राजारामपुरीत राहणाऱ्या माणसाला कदाचित चार तास बसवून घरी सोडीन, पण तेच ५५ टक्के घेऊन आलेल्या तुम्हाला सकाळपर्यंत ठेवून घेईन. मात्र ड्युटीवरच्या नव्या पोराला गगनबावडा नकाशावर कुठं आहे हे ठाऊक असेलच, असं धरून चालू नका. तुम्ही शिक्षक, त्याला भूगोल सांगा.

थेंब बदलल्यावर तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. कॅलेंडरवरचा आकडा, रात्री किती वेळा उठावं लागलं ते, आणि त्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव.